घाटात पळणाऱ्या गाडीसाठी टायर आणि ब्रेक पॅड कसे निवडावेत

प्रश्न थोडक्यात असा: गाडी १.५ लिटर टर्बो पेट्रोल सेडान, ४२ हजार किलोमीटर झालेली. टायर कंपनीचेच, २०५/५५ आर१६ ९१व्ही. पुढच्या टायरांची खाच ३ मिलिमीटरच्या आसपास, मागच्यांची ४.५. ब्रेक पुढे डिस्क, मागे ड्रम. रोज कोल्हापूर ते कागल एमआयडीसी, आणि महिन्यातून दोन-तीनदा गगनबावड्यावरून किंवा आंबा घाटातून कोकणात. घाट उतरून खाली आलं की ऐंशीच्या पुढे ब्रेक मारताना स्टेअरिंग थरथरतं. टायरवाल्याने २१५/५५ किंवा सरळ १७ इंची अलॉय सुचवलेत, ॲक्सेसरीवाल्याने भोकं पाडलेली डिस्क आणि ‘सिरॅमिक’ पॅड. काय घ्यावं, आणि आधी काय?

आधी टायर, चारही, आहे त्याच मापाचे. त्याच आठवड्यात ब्रेक ऑइल बदलून घ्या. डिस्क मोजल्याशिवाय पॅड विकत घेऊ नका. भोकांच्या डिस्कची आणि १७ इंची अलॉयची तुम्हाला गरज नाही.

टायर आधी का, ते सांगतो. तुमच्या गाडीला एबीएस आहे, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. कोरड्या रस्त्यावर पूर्ण ताकदीने ब्रेक दाबला की पायाखाली पॅडल थडथडतं, म्हणजे आहे तो ब्रेक चाक जाम करण्याइतका सशक्त आहेच. त्यापुढे गाडी किती अंतरात थांबणार हे टायर आणि रस्ता यांच्यातली पकड ठरवते. महागडा पॅड बसवून ते अंतर कमी होत नाही. साधा हिशेब करून बघा. ८० च्या वेगात, ओल्या रस्त्यावर टायरचा घर्षणांक ०.७ मिळाला तर गाडी सुमारे ३६ मीटरमध्ये थांबते. तोच ०.५ झाला तर ५० मीटर लागतात. चौदा मीटरचा फरक ऐकायला फार वाटत नाही, पण पहिली गाडी जिथे उभी राहिली त्या जागेवरून दुसरी अजून ४३ किलोमीटरच्या वेगाने पुढे जात असते. समोर उसाची ट्रॉली असेल तर याचा अर्थ काय होतो, हे वेगळं सांगायला नको.

खाचेची खोली ओल्यातच जास्त महत्त्वाची. नवा टायर साधारण ७ ते ८ मिलिमीटर खोल असतो आणि कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर आहे; खाचेच्या तळाशी जे छोटे उंचवटे दिसतात ते त्याच खोलीचे. कोरड्या रस्त्यावर दोन-अडीच मिलिमीटरचा टायर चांगला चालतो, कधी कधी नव्यापेक्षा घट्टही वाटतो. पण गगनबावड्याच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर रस्त्यावरून पाणी अक्षरशः वाहत असतं. तिथे ३ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर पाणी बाहेर फेकायला कमी पडतो, पाण्यावर चढतो आणि स्टेअरिंग एकदम हलकं लागतं. म्हणून आपल्याकडे घाटात जाणाऱ्या गाडीसाठी ३ मिलिमीटर हीच शेवटची रेघ धरावी. तुमचे पुढचे टायर तिथे आलेले आहेत.

दोनच घ्यायचे असतील तर? चालेल, पण नवे दोन मागे बसवायचे आणि मागचे ४.५ मिलिमीटरवाले पुढे आणायचे. बहुतेक दुकानांत उलट करतात, कारण इंजिन पुढे, ओढ पुढे, म्हणून नवे पुढे. ते चूक आहे. पुढचा टायर पाण्यावर घसरला तर गाडी सरळ जाते आणि पाय उचलल्यावर बहुतेकदा परत हाताशी येते. मागचा घसरला तर गाडी फिरते, आणि घाटातल्या वळणावर फिरलेली गाडी सावरणं भल्याभल्यांना जमत नाही. मात्र पुढे एका जातीचे आणि मागे दुसऱ्या जातीचे टायर असले की गाडीचा तोल ओल्यात वेगळाच वागतो. खर्च झेपत असेल तर चारही बदला.

आता मापाबद्दल. पहिला आकडा टायरची मिलिमीटरमधली रुंदी, दुसरा भिंतीची उंची त्या रुंदीच्या किती टक्के ते, आणि आर नंतरचा रिमचा इंचांतला व्यास. २०५/५५ आर१६ चा बाहेरचा व्यास सुमारे ६३२ मिलिमीटर. २१५/५५ आर१६ चा ६४३, म्हणजे पावणेदोन टक्के जास्त. याने स्पीडोमीटर तेवढा मागे पडतो, गिअर लांबतात, चाक जड होतं आणि तेवढ्याच पकडीसाठी ब्रेकला थोडा जास्त जोर लावावा लागतो. बदल्यात मिळते ती दहा मिलिमीटर रुंदी, जी ओल्यात फायद्याची असेलच असं नाही. रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. व्यास न बदलता रुंद जायचं तर २२५/५० आर१६ बसतो, ६३१ मिलिमीटर. पण त्याला किमान ६ इंची रिम लागते आणि ६ च्या रिमवर तो फुगल्यासारखा बसतो, कडा नीट टेकत नाहीत. त्यापेक्षा २०५ मध्येच एक पायरी वरच्या जातीचा टायर घ्या. पैसा तिथे वसूल होतो.

१७ इंचीचं गणित वेगळं आहे. २०५/५० आर१७ चा व्यास ६३७, म्हणजे मापात बसतो. पण टायरची भिंत ११३ वरून १०२ मिलिमीटरवर येते. कोल्हापूर-कागल रोजचा रस्ता, त्यात सातारा-कागल सहापदरीकरणाच्या कामाचे वळणरस्ते, काँक्रीटच्या उघड्या कडा, पसरलेली खडी. अशा कडेवर टायर आपटला की रिमची कड आणि रस्ता यांच्यात भिंत चिरडते, आतले धागे तुटतात आणि दोन दिवसांनी बाजूला फुगा दिसतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो टाकायचा. भिंत जितकी बुटकी तितका हा धोका मोठा. वळणावर स्टेअरिंगला थोडा चटकन प्रतिसाद मिळतो हे खरं, पण तेवढ्यासाठी तुमच्या रोजच्या रस्त्यावर मी हा सौदा करणार नाही.

टायरच्या भिंतीवरचे आकडे वाचायला शिका, कारण दुकानात तेच तुमच्या बाजूने बोलतात. ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो भार. व्ही म्हणजे २४० किलोमीटर वेग, एच म्हणजे २१०, टी म्हणजे १९०. कंपनीने दिलेल्या भारापेक्षा किंवा वेगाच्या अक्षरापेक्षा खाली जायचं नाही. “इथे कोण दोनशेने जातंय?” हा युक्तिवाद तुम्हाला नक्की ऐकायला मिळेल. पण वेगाचं अक्षर वर गेलं की सहसा टायरची बांधणीही उष्णता सोसणारी आणि ताठ होते. घाटातल्या सलग वळणांवर उपयोग त्याचा. आयएसआयचा शिक्का असलाच पाहिजे. डॉट या खुणेच्या शेवटी लंबगोलात चार आकडे असतात: ३२२५ म्हणजे २०२५ सालचा ३२ वा आठवडा. सहा महिन्यांच्या आतला मिळाला तर उत्तम, वर्षापर्यंत चालेल, त्यापुढचा असेल तर दुसरा मागा. चारही टायरांचे आकडे स्वतः बघा. तीन ताजे आणि एक जुना असं निघतं. हा लंबगोल काही टायरांवर एकाच बाजूला असतो, त्यामुळे बसवण्याआधीच वाचा. नंतर तो आत जातो.

बीईई या ऊर्जाबचतीच्या सरकारी संस्थेचं तारांकन बघून टायर निवडणारे बरेच आहेत. ते तारे मुख्यतः इंधनबचतीचे, म्हणजे टायर किती सहज लोळतो याचे. ओल्या पकडीसाठी युरोपियन लेबलचा ‘वेट ग्रिप’चा वर्ग शोधा, ए ते ई असा असतो. भारतात बनलेल्या आणि युरोपात विकल्या जाणाऱ्या एकाच नावाच्या टायरांचं रबर सारखंच असेल असं मात्र धरून चालू नका. ट्रेडवेअरचा, म्हणजे टायर किती सावकाश झिजतो याचा, आकडाही कंपनी स्वतःच ठरवते. एकाच कंपनीच्या दोन टायरांची तुलना करायला तो ठीक, दोन कंपन्यांच्या नाही. साधारणपणे २०० च्या आसपासचा आकडा ट्रॅककडे झुकलेल्या मऊ रबराचा, आणि ३०० ते ५०० रस्त्यावरच्या टायरांचा.

जातीचं म्हणाल तर तुमच्यासमोर दोनच खरे पर्याय आहेत. एक, ओल्या पकडीवर भर असलेला वरच्या दर्जाचा टूरिंग टायर: मिशलिन प्रायमसी ४ एसटी, कॉन्टिनेंटल अल्ट्राकॉन्टॅक्ट, ब्रिजस्टोन टुरांझा या पंगतीतले. शांत चालतात, भिंत थोडी मऊ, खड्डे पचवतात, आयुष्य चांगलं. दोन, खरा स्पोर्ट टायर: मिशलिन पायलट स्पोर्ट ४ किंवा व्रेडेस्टाइन अल्ट्रॅकसारखा (व्रेडेस्टाइन २००९ पासून आपल्या अपोलोकडेच आहे). वळणावर टोकदार, ब्रेकखाली ताठ, पण लवकर झिजतो आणि खड्ड्यात भिंतीचा मऊपणा मदतीला येत नाही. तुमची बरीचशी धाव कागल रोडची आहे, म्हणून मी पहिल्या गटाकडे झुकेन. गाडी चालवण्यातली मजा हाच तुमचा मुख्य निकष असेल आणि दीड पट लवकर बदलायची तयारी असेल, तर दुसरा गट घ्या. मनापासून घ्या, पस्तावणार नाही. जास्तीत जास्त किलोमीटर देणारा कडक रबराचा टायर मात्र या गाडीला घालू नका. टॅक्सीला तो बरोबर आहे. दीडशे अश्वशक्तीच्या गाडीला ओल्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये चाक फिरवत बसायला लावतो.

बसवताना चार गोष्टी समोर उभं राहून करून घ्या. जुना टायर उतरला की रिकामी रिम बॅलन्सिंग मशीनवर फिरवायला सांगा. आतली कड वाकलेली असेल तर तेव्हाच दिसते, नंतर वजनं चिकटवून ती झाकली जाते. व्हॉल्व्ह नवे घाला. असममित नक्षीच्या टायरवर ‘आउटसाइड’ लिहिलेली बाजू बाहेर आली का बघा. आणि पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हपाशी आणायला सांगा; ती टायरची हलकी जागा असते, वजनं कमी लागतात. त्यानंतर अलाइनमेंट, पण त्याआधी खालच्या आर्मचे बुश (सांध्यातली रबरं) आणि टायरॉड एंड (स्टेअरिंगचे सांधे) हलवून बघायला लावा. बुश तुटलेला असताना केलेली अलाइनमेंट गेटबाहेर पडेपर्यंतच टिकते. जुने टायर फेकण्याआधी एकदा हात फिरवून घ्या: एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर टो (चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते) बिघडलेला आहे, दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहत होती, मधला पट्टा झिजला असेल तर जास्त.

हवा दाराच्या खांबावरच्या तक्त्याप्रमाणे, टायर थंड असताना. घाट उतरून आल्यावर पंपावर वाढलेला दाब दिसला म्हणून हवा सोडू नका. दर दहा अंशांमागे साधारण दीड पीएसआय वाढतोच. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन आधीच असतो, वेगळे पैसे देण्याइतका फरक रस्त्यावर पडत नाही. नवे टायर पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून चालवा. साच्यातून काढताना लावलेला थर पृष्ठभागावर असतो, तो गेल्याशिवाय खरी पकड येत नाही. नव्या टायरांवर पहिल्याच दिवशी पावसात घाट उतरायला जाऊ नका.

आता थरथर. “डिस्क वाकली” हे निदान कोल्हापुरात सर्रास केलं जातं, पण रस्त्यावरच्या गाडीची बीडाची डिस्क तशी सहजी वाकत नाही. ज्या शहरात शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या भट्ट्यांमधून वर्षानुवर्षं बीडाची ओतकामं बाहेर पडतात, तिथल्या माणसाला हे पटवणं सोपं आहे. खरं काय होतं ते असं: घाटात पॅड आणि डिस्क तापतात, खाली उतरून तुम्ही पहिल्या टपरीपाशी थांबता आणि ब्रेक दाबूनच धरता. पॅडचं मटेरियल त्या एका जागी डिस्कवर चिकटतं. पुढच्या ब्रेकला ती जागा वेगळं घर्षण देते, वेगळी तापते, वेगळी झिजते, आणि काही महिन्यांत डिस्कच्या जाडीत शंभरांश मिलिमीटरचे चढउतार तयार होतात. तेवढे पुरतात, दोन शंभरांशांच्या पुढे हाताला थरथर लागायला लागते. दुसरं कारण, डिस्क ज्या हबवर बसते त्या हबच्या तोंडावरचा गंज. एवढासा पापुद्रा हबपाशी डिस्क तिरकी करतो आणि कडेला तो तिरकेपणा वाढतो. तिसरं, एअर गनने वेडेवाकडे आवळलेले चाकाचे बोल्ट.

म्हणून आधी मोजमाप. चाक काढा, डिस्क बोल्टने हबवर घट्ट धरा, कडेपासून दहा मिलिमीटर आत डायल गेज (बारीक डगमग मोजणारं घड्याळी मापक) लावा आणि एक फेरा फिरवा. डगमग ०.०५ मिलिमीटरच्या आत असेल तर छान, ०.१ च्या पुढे असेल तर दोष आहे. मग डिस्क काढून हब तारेच्या ब्रशने चकचकीत करा, डिस्क बोल्टचं एक भोक पुढे सरकवून बसवा आणि परत मोजा. बऱ्याचदा इथेच निम्मा दोष जातो. नंतर मायक्रोमीटरने डिस्कची जाडी सारख्या अंतरावर आठ ठिकाणी घ्या. सर्वांत कमी आकडा डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर ओतलेल्या ‘मिन टीएच’ (किमान जाडी) शी ताडून बघा.

समजा नवी डिस्क २२ मिलिमीटरची आणि मर्यादा १९ ची आहे, तुमची भरली २०.१. उद्यमनगरात लेथवर फेसिंग मारून दोन्ही बाजूंनी ०.३ काढले तर १९.५ उरते. नियमात बसली, पण पुढच्या पॅडच्या आयुष्यभर ती झिजणार आहे, शिवाय पातळ डिस्क लवकर तापते आणि थरथर लवकर परत येते. इथे नवी जोडीच घ्या. जाडी २१ च्या वर असेल तर फेसिंग जरूर करा, पण टर्नरला तीन गोष्टी सांगून: डिस्क हबवर टेकते त्या तोंडावरूनच पकडायची, बाहेरच्या कडेवर नाही, शक्य असेल तर दोन्ही बाजू एकाच पकडीत मारायच्या, आणि शेवटचा कट बारीक घ्यायचा, ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या रेघा उमटू द्यायच्या नाहीत. उद्यमनगरात हे काम उत्तम करणारे हात आहेत. फक्त त्यांना हे ब्रेकसाठी आहे आणि दोन शंभरांशांत हवं आहे, असं स्पष्ट सांगावं लागतं.

भोकांच्या डिस्कबद्दल थोडक्यात: स्वस्त डिस्कला नंतर ड्रिलने पाडलेली भोकं म्हणजे प्रत्येक भोकापाशी तडा जायची जागा. घाटात तापणं-निवणं सतत चालू असतं, आणि तडे तिथूनच सुरू होतात. धातूही कमी होतो, म्हणजे उष्णता साठवायची क्षमता घटते. साधी, हवेशीर, चांगल्या ओताची डिस्क घ्या.

पॅडमध्ये ‘सिरॅमिक’ या शब्दाला भुलू नका. खरे सिरॅमिक जातीचे पॅड शांत असतात, अलॉयवर काळी धूळ कमी पाडतात आणि डिस्क कमी खातात, पण पहिला चावा मवाळ असतो. युरोपियन घडणीच्या गाड्यांना मुळात लो-मेटॅलिक पॅड दिलेले असतात. धूळ जास्त, पण थंड असतानाही चावतात आणि उष्णतेतही टिकतात. तुमच्या गाडीला तोच प्रकार शोभतो. कंपनीचा पॅड, किंवा टेक्स्टार, एटीई, बॉश, फेरोडो यांचा तुमच्या चॅसी क्रमांकाला जुळणारा पॅड घ्या. पाठीच्या पत्र्यावर ‘९०आर’ असलेला मंजुरीचा क्रमांक शोधा. युरोपच्या त्या नियमाप्रमाणे पॅडचं घर्षण मूळ पॅडच्या १५ टक्क्यांच्या आत असावं लागतं. काही पॅडच्या कडेवर दोन अक्षरं असतात: पहिलं साध्या तापमानाचं, दुसरं तापल्यावरचं. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे त्यावर ०.५५ पर्यंत. तुम्हाला एफएफ बघायचं आहे. पहिलं अक्षर वरचं आणि दुसरं खालचं असेल तर तो पॅड शहरात छान वाटेल आणि घाटाच्या मध्यावर साथ सोडेल. ज्याच्यावर कसलाच क्रमांक नाही तो कितीही चकचकीत खोक्यात असला तरी परत द्या.

त्याहून तिखट पॅड हवा असेल तर ईबीसीसारख्या कंपन्यांच्या रस्त्यासाठीच्या श्रेणीपर्यंतच जा. ट्रॅकचे पॅड थंड असताना चावत नाहीत; सकाळी दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला पहिला ब्रेक मारताना ते तुम्हाला दगा देतील. शिवाय मागे ड्रम तसेच ठेवून पुढे खूप चावरे पॅड घातले की सगळं काम पुढेच होतं, पुढची चाकं लवकर एबीएसमध्ये जातात आणि मागच्या ड्रममधले लायनर (तिथले पॅडच) नुसते बसून राहतात. कधी कोइंबतूरच्या कारी स्पीडवेसारख्या ठिकाणी ट्रॅक डे करायचा झाला तर त्या दिवसापुरते वेगळे पॅड घाला आणि घरी यायच्या आधी परत बदला.

पॅड बदलायचं काम घरी करणार असाल तर क्रम असा. चाकाचे बोल्ट जमिनीवरच सैल करा, मागच्या चाकांना ठोकळे लावा, जॅकवर उचलून घोडीवर (जॅक स्टँडवर) टेकवा. कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) दोन गाइड पिना सोडा आणि कॅलिपर तारेने स्प्रिंगला टांगा. ब्रेकच्या पाइपवर लोंबकळू दिला तर तो आतून तडकतो आणि बाहेरून काही दिसत नाही. पिस्टन मागे ढकलण्याआधी ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण उघडा आणि पातळी बघत राहा; भरून वाहिलं तर रंग खातं. पिस्टन सरळ आणि हळू गेला पाहिजे. अडकत असेल, रबरी बूट फाटला असेल, तर आधी कॅलिपरचा किट बदला, नाहीतर नवे पॅड एका बाजूने खाल्ले जातील. पॅड ज्या खोबणीत सरकतो ती जागा तारेच्या ब्रशने गंज काढून साफ करा. आपल्या पावसात पॅड जाम होण्याचं सर्वांत मोठं कारण हेच आहे. क्लिपा नव्या घाला. गाइड पिनांना ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा, साधं पिवळं ग्रीस नाही. त्याने रबर फुगतं आणि पिन अडकते. पॅडच्या तोंडाला आणि डिस्कला ग्रीसचा डागही नको. नव्या डिस्कवरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसा. धूळ काँप्रेसरच्या हवेने उडवू नका, ती फुप्फुसात जाते.

चाक लावून गाडी खाली घेतली की हलवण्याआधी पॅडल घट्ट होईपर्यंत दाबा. पहिले तीन-चार दाब जमिनीला टेकतात. हे विसरून गाडी मागे घेतली तर भिंत गाठेपर्यंत ब्रेक लागत नाही.

मागचे ड्रम त्याच दिवशी उघडून घ्या. पुराच्या किंवा साचलेल्या पाण्यातून गाडी गेली असेल तर आत गाळ बसलेला असतो आणि तो लायनर व ड्रम दोन्ही घासतो. साफ करून लायनर जवळ आणले की पॅडलचा पोकळ प्रवास आणि हँडब्रेकचे टप्पे दोन्ही कमी होतात.

नवे पॅड बसवल्यावर त्यांना डिस्कशी जुळवून घ्यावं लागतं, आणि हीच पायरी गॅरेजमध्ये कोणी करत नाही. पहाटे, मागे-पुढे कोणी नसलेला मोकळा रस्ता निवडा. ६० वरून २० पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा ब्रेक लावा, प्रत्येक वेळी थोडं अंतर जाऊ द्या. मग ८० वरून २० पर्यंत जरा जोराने सहा-आठ वेळा. पूर्ण थांबायचं नाही. थोडा जळका वास येईल, तो अपेक्षित आहे. त्यानंतर दहा मिनिटं ब्रेक न लावता गाडी चालवत निववा आणि उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवा. हे केलं नाही तर नव्या पॅडमधला बांधणीचा राळेसारखा घटक घाटात पहिल्यांदा तापताना वायू सोडतो आणि ब्रेक लागतो आहे पण गाडी थांबत नाही अशी अवस्था येते.

ब्रेक ऑइल हा या सगळ्यात स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. ते हवेतली आर्द्रता शोषतं. डॉट ४ या दर्जाच्या ऑइलचा किमान उत्कलनबिंदू कोरडा असताना २३० अंश आणि पाणी शोषल्यावर १५५; डॉट ३ चा २०५ आणि १४०. कॅलिपरमध्ये ते उकळलं की वाफेचे बुडबुडे तयार होतात, वाफ दाबली जाते, आणि पॅडल स्पंजासारखं खाली जातं. पॅड तापून कमी चावतो तेव्हा पॅडल कडकच असतं, पण गाडी थांबत नाही. ऑइल उकळतं तेव्हा पॅडलच जातं. हा फरक लक्षात ठेवा, दोष कुठे आहे ते त्यावरून कळतं. दर दोन वर्षांनी बदला, पावसाळ्याआधी. ईएसपी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) असलेल्या गाड्यांना पातळ वाहणारं डॉट ४ लागतं, डब्यावर ‘क्लास ६’ किंवा ‘एलव्ही’ असतं. एक लिटर पुरतं. डॉट ५ हे सिलिकॉनचं आहे, नाव पुढचं वाटलं तरी ते घालायचं नाही.

घाटात नेमकी किती उष्णता होते तेही बघा. पाचशे मीटर उंची उतरताना गाडीची जी ऊर्जा सोडावी लागते ती १०० च्या वेगावरून सुमारे तेरा वेळा पूर्ण थांबण्याइतकी आहे, आणि गाडीत दोन माणसं असोत वा पाच, हे प्रमाण तेच राहतं. हवेचा आणि लोळण्याचा अवरोध थोडा वाटा उचलतो, बाकी ब्रेक किंवा इंजिन. म्हणून गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना ज्या गिअरने तो चढ चढला असता तोच किंवा एक खालचा ठेवा. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअलमध्ये टाकून दुसरा-तिसरा धरा. ब्रेक सतत टेकवून ठेवण्यापेक्षा वळणाआधी थोडा वेळ जोरात मारा आणि पूर्ण सोडा, म्हणजे मधल्या वेळात हवा लागते. खाली पोचल्यावर एक-दोन किलोमीटर ब्रेक न वापरता जाऊन मगच थांबा, आणि थांबल्यावर पाय काढा. तापलेल्या चाकांवर लगेच पाणी मारू देऊ नका.

एक शेवटची सवय मोडायला हवी. पावसाळ्याआधी गाडीखाली डिझेल किंवा जुनं तेल फवारून घ्यायची पद्धत अजून चालू आहे. त्याचा तुषार डिस्कवर आणि पॅडमध्ये गेला की पॅड तेल पितो, आणि तो पॅड नंतर कितीही घासला तरी दुरुस्त होत नाही. गंजरोधक लावायचंच असेल तर चाकं झाकून, ब्रेकपासून लांब. टायरला चकाकी आणणारी पॉलिश फक्त भिंतीवर. नक्षीवर कधीच नाही.

चाकाचे बोल्ट टॉर्क रेंचनेच, आडवे-उभे असे चांदणीच्या क्रमाने आवळून घ्या. या आकाराच्या गाड्यांना साधारण ११० ते १२० न्यूटन मीटर लागतात, नेमका आकडा तुमच्या मॅन्युअलमध्ये आहे. शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा त्याच आकड्याला तपासा. त्या वेळी डिस्कचा रंगही बघा: सगळीकडे एकसारखी राखाडी झळाळी असेल तर पॅड बसले, निळसर ठिपके किंवा एका बाजूला गंजाची रेघ असेल तर एखादी गाइड पिन अडकते आहे, कॅलिपर परत उघडा.